तिकडे वळलेलं वादळ

हेमलतानं फळ्यावर बाण उलटे काढले. नववीच्या वर्गात चक्रीवादळाचा धडा चालू होता. मधोमध कमी दाबाचं वर्तुळ, भोवती फिरणारा वारा, हे चित्र ती इतकी वर्षं काढत आली होती की खडू हातात घेतला की हात आपसूक फिरायचा. आपल्या गोलार्धात वारे घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात, असं ती तोंडानं सांगत होती आणि हात मात्र घड्याळाच्या दिशेनं बाण काढत सुटला होता. मधल्या बाकावरची कामिनी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, बाण उलटे झालेत." वर्ग हसला नाही. हेमलतानं फळा पुसला, पुन्हा वर्तुळ काढलं, आणि बाण काढताना तिला क्षणभर खरंच आठवेना की ते कुठून कुठे जायला हवेत. तिनं खडू खाली ठेवला आणि मुलींना धडा मनात वाचायला सांगितला. खिडकीबाहेर जळगावचं ऑक्टोबरचं ऊन कोरडं पडलं होतं. मैदानावर कुणी सायकल ढकलत नेत होतं. तासाआधी शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना तिनं मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडलं होतं. लक्षद्वीपच्या डावीकडे, मोकळ्या समुद्रावर, ढगांचा एक पांढरा पुंजका होता. खाली दोनच ओळी होत्या. तिथे कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊ शकतं, त्याचं वादळात रूपांतर होण्याची शक्यता सध्या कमी आहे. आणि त्या पुंजक्याच्या वरच्या अंगाला, चित्रात न दिसणारं असं, शीतलचं जहाज होतं.

शीतल, तिची एकुलती एक मुलगी, मालवाहू जहाजावर तिसरी अधिकारी होती. कांडल्याहून तांदूळ भरून ते मोंबासाला निघालं होतं. गुजरातच्या कोपऱ्यातून आफ्रिकेपर्यंत अरबी समुद्र तिरका कापत जायचं. आदल्या दिवशी तिचा फोन आला होता, आवाजामागे इंजिनाची घरघर होती, आणि ती नेहमीसारखी जेवणाबद्दल तक्रार करत होती. स्वयंपाकी केरळचा आहे, वरणात खोबरं घालतो, म्हणाली. हेमलतानं वर्गाच्या दारात उभं राहून तिला चित्र पाठवलं. उत्तर मधल्या सुट्टीत आलं: "आई, आमच्याकडे पण नकाशे येतात. कॅप्टन बघतायत. तू वर्गात लक्ष दे."

वर्गात लक्ष दे. हे वाक्य तिचं स्वतःचं होतं, शीतल लहान असताना ती रोज म्हणायची. आता ते समुद्रावरून परत आलं होतं. हेमलता भूगोल शिकवायची, पण समुद्र तिनं मोजक्या वेळाच पाहिला होता. ती तापीच्या काठावरची. लहानपणी वडील तिला मुक्ताईनगरच्या पुढे चांगदेवला घेऊन जायचे, तिथे पूर्णा येऊन तापीला मिळते. वडील नदीकडे हात करून सांगायचे की हे पाणी सुरतेपाशी समुद्रात जातं, आणि तिला वाटायचं की समुद्र म्हणजे नद्यांचं शेवटचं गाव, तिथे पोहोचलं की पाणी स्वस्थ बसत असेल. पुढे लग्न झाल्यावर भूपेंद्रनं तिला आणि लहानग्या शीतलला सुरत गाडीनं वलसाडजवळच्या तिथलला नेलं. काळी वाळू होती. ओहोटी लागलेली होती, पाणी पार लांब गेलेलं, आणि हेमलताला मनातून जरा फसवल्यासारखं झालं. शीतल मात्र पाण्याच्या दिशेनं चालत गेली ती थांबेचना. भूपेंद्र तिच्यामागे पळाला. तिला उचलून आणलं तेव्हा ती रडत नव्हती, नुसती मागे वळून बघत होती. बापाच्या खांद्यावरून मागे वळलेला तो चेहरा हेमलताला पुढे बारावीनंतर पुन्हा दिसला, शीतलनं समोर बसून "मला जहाजावर जायचंय" म्हटलं त्या संध्याकाळी. घरात ठिबकच्या नळ्यांचा वास होता, कारण भूपेंद्रचं ठिबक सिंचनाचं दुकान घराखालीच होतं, आणि तो म्हणाला होता, "आपल्याकडचं कोणी गेलंय का आजवर?" शीतल म्हणाली होती, "नाही ना. म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी पुंजका मोठा झाला होता. 'शक्यता कमी'च्या जागी 'मध्यम' असा शब्द आला. हेमलता सकाळी भाजी निवडताना, रिक्षात बसल्यावर, तास संपून दुसरा सुरू व्हायच्या मधल्या वेळात ते चित्र उघडायची. आधी तो नुसता विस्कटलेला कापूस दिसायचा, दोनचार ठिकाणी दाट, बाकी विरळ. मग कधीतरी त्याला बाक आला. एका कडेचे ढग लांबून वळायला लागले, जणू मधे कुणीतरी बसलंय आणि त्यानं त्यांना हलकेच बोलावलंय. तिनं धड्यात शिकवलं होतं ते सगळं हेच होतं. तापलेलं पाणी, वर चढणारी वाफ, वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता, त्यानं अजून वर खेचली जाणारी हवा. परीक्षेत चार गुणांचा प्रश्न. पण तिथे कोणीच नव्हतं, हे तिनं कधी मनात आणलं नव्हतं. ना डोंगर, ना गाव, कुणाचा हात नाही, कुणाची इच्छा नाही. नुसतं उबदार पाणी आणि त्यावर हवा, आणि त्यातून काहीतरी स्वतःला गोळा करत होतं. देवघरात दिवा लावतानाही तिला तो बाक दिसायचा. तिला भीती वाटत होती हे खरं, पण भीतीच्या आत आणखी काहीतरी होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. ते बघत राहावंसं वाटत होतं.

घरात आता तिला सगळे विचारायला लागले. दुकानावरून वर येताना भूपेंद्र आधी "काय म्हणतंय?" असं विचारायचा. तो शीतलचं नाव घ्यायचा नाही, हेमलताही घ्यायची नाही. मग गावाहून नानांचा फोन आला. नाना म्हणजे हिलाल, भूपेंद्रचा थोरला भाऊ, धुळ्यापलीकडच्या गावी घरची शेती बघायचे. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत नाना तिच्याशी थेट असं फारसं बोलले नव्हते. जे असेल ते भूपेंद्रला सांगायचे आणि ती पदर सावरून बाजूला उभी असायची. त्या दिवशी त्यांनी भूपेंद्रला फोन तिच्याकडे द्यायला सांगितला.

"हेमलता, समुद्रमा काहीतरी उठी ऱ्हायनं म्हणतस. आपलाकडे पाणी ई का?"

"पाऊस येईल की नाही, अजून सांगता येत नाही, नाना."

"बठ्ठा कापूस फुटेल शे. वेचाले माणसं कमी. तू शाळामा हाईच शिकाडस ना, म्हनीसन ईचारं."

तिनं सांगितलं की दोन वाटा दिसतायत. एक ईशान्येला, गुजरातच्या किनाऱ्याकडे. तसं झालं तर सुरतेच्या बाजूला वारा आणि आपल्याकडे पाऊस, फुटलेल्या कापसावर. दुसरी वायव्येला, समुद्रावरूनच अरबस्तानाकडे. कुठली, ते अजून कोणालाच ठाऊक नाही. नाना "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर ती तशीच उभी राहिली. दुसऱ्या वाटेबद्दल नाना काहीच बोलले नव्हते, कारण तिकडे त्यांचं काही नव्हतं. तिकडे होती ती एकच तिरकी रेघ, कांडल्यापासून मोंबासापर्यंतची, तिनं मनात ओढलेली. आणि ती रेघ त्या दुसऱ्या वाटेला मधोमध छेदत होती.

रविवारी ती दोघं गावी गेली. भूपेंद्रला भावाला हातभार लावायचा होता, आणि घरात बसून चित्र बघत राहण्यापेक्षा बरं म्हणून हेमलता निघाली. मुंबई-नागपूर रस्त्यावर धुळ्याकडे जाताना ती खिडकीला डोकं टेकून होती. पारोळ्याच्या अलीकडे तिनं मोबाइल उघडला. रात्रीतून पुंजका उरला नव्हता. त्याचं आता वादळ झालं होतं, कुठल्याशा देशानं सुचवून ठेवलेलं नाव त्याला मिळालं होतं, आणि दोनांतली एक वाट पुसून गेली होती. ते वायव्येला वळलं होतं. तिनं मोबाइल पर्समध्ये ठेवला. भूपेंद्र गाडी चालवत होता, त्यानं विचारलं नाही. त्याला ते अजून कळलं नव्हतं, आणि तो जितका वेळ रस्त्याकडे बघत होता तितका वेळ ते फक्त तिच्याकडे होतं. तिला वाटलं, इकडे ये. इतकं साधं, इतकं लख्ख वाटलं की ती दचकली. इकडे ये, जमिनीवर ये, इथे घरं आहेत, भिंती आहेत, माणसं एकमेकांना हाका मारू शकतात. तिकडे माझ्या पोरीला धरायला काहीच नाही. दोन्ही बाजूंना शेतं पळत होती आणि त्यांच्यावर कापूस फुटलेला होता, मैलोगणती, उन्हात डोळे दिपवणारा. त्या सगळ्यावरून ती मनातल्या मनात वादळाला बोलावत होती.

वावरात माणसं लागलेली होती. सातपुड्याच्या पायथ्याकडून दरवर्षी वेचणीला येणारी दिवालीबाई आणि तिच्या घरच्या बाया कमरेला वेचलेला कापूस भरायचे ओटे बांधून ओळीनं पुढे सरकत होत्या. बोंडातून कापूस काढण्याचा बारीक आवाज येत होता. हेमलतानंही पदर खोचला आणि एका ओळीला लागली. कापूस हातात कोमट लागत होता. नाना बांधावरून आले, त्यांनी कपाळाचा घाम पुसला.

"काय म्हणस मंग, हेमलता? घाई करूत का सावकाश वेचूत?"

कुणाचे हात थांबले नाहीत, पण कान तिच्याकडे लागले हे तिला कळलं. दिवालीबाई मागे न वळता म्हणाली, "बाई, ते गुजरातेत जाईल का? माझा सुकलाल सुरतेला हाय. इमारतीवर काम करतो, वरच्या माळ्यावर." हेमलतानं तिच्या पाठीकडे पाहिलं. उन्हानं विटलेलं पोलकं, ओट्याच्या भारानं बाकलेली कंबर. गाडीत तिनं ज्याला इकडे बोलावलं होतं, ते आधी सुरतेवरूनच आलं असतं. सुकलालला तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण त्या क्षणी तिला बांबूच्या कच्च्या परांचीवर उभा असलेला कुणी दिसला, आणि त्याच नजरेत, त्याच्याच शेजारी, लोखंडी कठड्याला धरून उभी असलेली शीतल. दोघांमध्ये ती निवड करत होती. तिच्या निवडीनं काही होणार नव्हतं, तरी ती करत होती.

"घाई नको, नाना," ती म्हणाली. "ते वळलं. इकडे येत नाही. सुरतेलाही नाही. तिकडे चाललंय."

ओळीत हलकी हालचाल झाली. दिवालीबाईनं "बरं झालं माय" म्हटलं आणि एक बाई हसली. नानांनी सुटकेचा निःश्वास सोडून बांधावर बसकण मारली. फक्त भूपेंद्र, कापसाचं गाठोडं उचलायला वाकलेला, तसाच वाकलेला राहिला.

"तिकडे म्हणजे?" तो म्हणाला.

तिनं पश्चिमेकडे पाहिलं. त्यानं गाठोडं तिथेच सोडलं आणि विहिरीच्या दिशेनं चालत गेला. लिंबाखाली जाऊन पाठमोरा उभा राहिला. नानांनी आधी भावाकडे, मग तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची सुटका हळूहळू ओसरली.

"आपली शीतल तठेच शे का?"

"हो."

नाना उठले. समोरच्या सगळ्या वावरावरून, फुटलेल्या बोंडांवरून त्यांची नजर फिरली, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. मग ते वर, कोरड्या आभाळाकडे बघत म्हणाले, "मंग इकडे येवू दे ना. कापूसनं काय, पुढला साल परत लावसूत."

ते कोणाला म्हणाले ते कळलं नाही. हेमलताच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. तिनं मान खाली घातली, आणि तेव्हा तिला दिसलं की दिवालीबाईचे हात थांबले होते. ओट्याची सैल झालेली गाठ तिनं सोडली, पुन्हा घट्ट बांधली, आणि पुढच्या झाडाला लागली. हेमलता तिच्या शेजारच्या ओळीला गेली. जेवायच्या वेळेपर्यंत दोघी बरोबरीनं वेचत राहिल्या. मधे एकदा दिवालीबाईनं विचारलं, "पोरगी मोठी हाय?" हेमलता म्हणाली, "सुकलालएवढीच असेल."

सोमवारी जहाजाचा संपर्क तुटला. कंपनीच्या कार्यालयात भूपेंद्रनं फोन केला तेव्हा एका सभ्य आवाजानं सांगितलं की जहाजानं मार्ग बदललाय, खवळलेल्या समुद्रात कधीकधी अँटेना धरत नाही, काळजी करू नका. हेमलता शाळेत गेली. घरी थांबली असती तर भिंतीच अंगावर आल्या असत्या. आभाळ विलक्षण स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की दूरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं वाचता यावीत. वारा नव्हता, हवेत ओलेपणाचा अंश नव्हता, ओठ फुटत होते. तिला कळलं, की हेही त्या वादळाचंच आहे. इतक्या लांबून त्यानं आजूबाजूची वाफ ओढून घेतली होती. जळगावच्या छतांवर वाळत घातलेले कपडे लवकर वाळत होते, ते समुद्रातल्या त्या भोवऱ्यामुळे. मुली मैदानावर खो-खो खेळत होत्या, त्यांच्या पायांखालची धूळ उडत होती, आणि कोणाला काहीच ठाऊक नव्हतं. रिकाम्या तासाला तिनं चित्र उघडलं. मधोमध डोळा होता. काळा, गोल, रेखीव. भोवती पांढऱ्याचं इतकं दाट चक्र, की त्याखाली अख्खा खानदेश, सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत, झाकून गेला असता आणि वर कितीतरी उरलं असतं. ती बघत राहिली. ते चूक नव्हतं, बरोबर नव्हतं, त्याला तिची मुलगी माहीत नव्हती, सुकलाल माहीत नव्हता. त्यानं कोणाचं ऐकून वळण घेतलं नव्हतं. इतकं मोठं काहीतरी इतकं नीट फिरू शकतं, आणि त्याला कशाचीही गरज नाही, हे तिच्या छातीत मावेना. हात जोडावेत असं तिला वाटलं, आणि हात जोडून मागायचं काय, ते सुचेना. मागणं ऐकणारं तिथे कोणी नव्हतं. तरी तिचे हात टेबलावर एकमेकांजवळ आले होते. शेजारी वह्या तपासणाऱ्या रत्नाबाईंनी विचारलं, "काय गं, बरं नाही का?" हेमलता म्हणाली, "बरी आहे. हे बघा." रत्नाबाईंनी चष्मा वर करून मोबाइलकडे पाहिलं, मग तशाच बघत राहिल्या.

शीतलचा निरोप बुधवारी दुपारी आला. एकच ओळ: "सगळे ठीक. नेट नव्हतं. मोंबासाला पोचल्यावर बोलते." भूपेंद्रनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, वर आला, खुर्चीवर बसला आणि बराच वेळ दोन्ही तळव्यांत तोंड धरून राहिला. मग त्यानं नानांना फोन केला. त्यांचं बोलणं आतल्या खोलीतून हेमलताला ऐकू येत होतं, भाऊ भावाशी अहिराणीत बोलत होता, मधेच हसत होता. ती मात्र पुन्हा चित्राकडे वळली होती. वादळ अरबस्तानाच्या किनाऱ्याला लागलं होतं. वाळवंटाच्या कडेच्या एका छोट्या गावावर. गावाचं नाव तिनं आधी कधी वाचलं नव्हतं. नंतरच्या दोन दिवसांत तिथल्या चित्रफिती आल्या. कोरड्या दरीतून गढूळ पाणी धावत होतं, धुळ्याच्या पांझरा नदीला पूर आल्यावर दिसतं तसंच. एक उंट उंचवट्यावर उभा होता. पांढऱ्या अंगरख्यातली माणसं दोर धरून कुणालातरी बाहेर ओढत होती. दोरीच्या टोकाला कोण होतं ते दिसायच्या आत चित्रफीत संपत होती. भूपेंद्र मागे येऊन उभा राहिला.

"आता कशाला बघतेस? तिथे आपलं कोणी नाही."

"हो," ती म्हणाली. आणि बघत राहिली. थोड्या वेळानं तोही खुर्ची ओढून शेजारी बसला. ढग वाळवंटावर जाऊन फाटत गेले, चक्र सैल झालं, बाक सुटला. शेवटी तिथे नुसता एक फिकट डाग उरला आणि मग तोही उरला नाही.

मोंबासाहून फोन आला तेव्हा दुपारची चार-साडेचारची वेळ होती, आणि हेमलता गच्चीवर होती. शीतलचा आवाज बसलेला होता. मागे इंजिन नव्हतं, कुठेतरी पक्षी ओरडत होते. कॅप्टननी आधीच जहाज दक्षिणेकडे वळवलं, वेग कमी केला आणि त्याला पुढून जाऊ दिलं, ती सांगत होती. तरी दोन दिवस नीट उभं राहता येत नव्हतं. भांडी बांधून ठेवली होती. एकदा ती पलंगावरून पडली, कोपर सुजलंय.

"आणि?" हेमलता म्हणाली.

"आणि काय, आई?"

गेले कितीतरी दिवस एक वाक्य हेमलताच्या घशात तयार होतं. आता परत ये, पुरे झालं, इथे काहीतरी बघू. ते तोंडाशी आलं होतं. तिनं कठड्यावर हात ठेवला. सिमेंट दिवसभराच्या उन्हानं तापलेलं होतं.

"तुला दिसलं का ते?" तिनं विचारलं.

शीतलला हा प्रश्न अपेक्षित नसावा. ती जरा वेगळ्या आवाजात, सावकाश बोलायला लागली.

"दिसलं. ते पुढे गेल्यावर. संध्याकाळ होती. वारा पडलेला, पण लाटा येतच होत्या. लांब लांब, गुळगुळीत, तेलासारख्या. कुठून येतात ते कळत नव्हतं. आणि पश्चिमेला... आई, ते ढग नव्हते. म्हणजे ढगच होते. पण खालपासून वरपर्यंत सगळीकडे तेच. मान वर करावी लागत होती. त्याच्या वरच्या कडा पसरत पसरत आमच्या डोक्यावरून मागे गेल्या होत्या आणि त्यांच्यावर ऊन पडलं होतं, तांबडं. आवाज काहीच नाही. सगळे बाहेर आले. इंजिनातले, वरचे, स्वयंपाकी पिठाच्या हातानं तसाच. कोणी फोटो काढला नाही. कॅप्टन इतकी वर्षं समुद्रावर आहेत, त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. मला तुझी आठवण झाली. तू असतीस तर नुसती बघत राहिली असतीस."

खाली रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी थांबली होती, कुणीतरी मेथीचा भाव विचारत होतं.

"भीती वाटली?" हेमलतानं विचारलं.

"खूप," शीतल म्हणाली. "पण आत जावंसं वाटेना."

"मलाही," हेमलता म्हणाली, आणि गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बसली. "मग? मग काय झालं ते सांग."